आठ माइकांचा डबा

मनोहर सोमकुवरला मी तीस वर्षं ओळखतो, आणि त्यातली निदान वीस वर्षं मी त्याच्यावर चिडण्यात घालवली आहेत. तो पांढुर्ण्याच्या नगरपालिकेत, पाणीपुरवठ्याला. सकाळी वॉर्डावॉर्डांतून वॉल्व्ह फिरवत हिंडायचं आणि ड्युटी संपली की घराच्या मागच्या खोलीत गाणी रेकॉर्ड करायची. भिंतींना जुन्या गोधड्या ठोकल्यामुळे त्या खोलीत उन्हाळ्यात माणूस उकडून निघतो. भीमजयंती जवळ आली की सौंसर, तिगाव, रामाकोन्याची मंडळं तिथं येतात. मी मराठी शाळेत शिकवायचो म्हणून गाण्यातले शब्द तपासायला तो मला बोलावतो. मी तपासतो, चुका काढतो, आणि मंडळं जसं लिहून आणलेलं असतं तसंच गातात.

या सगळ्याचा जीव एका डब्यात होता. आठ माइक एकाच वेळी लागतील असा काळा लोखंडी डबा, सोळा वर्षांपूर्वी नागपूरहून आणलेला. त्यातून आठही आवाज कॉम्प्युटरमध्ये वेगवेगळे उतरायचे. मग मनोहर कानाला हेडफोन लावून बसायचा, ढोलकी थोडी दाबायचा, मागच्या बाईचा आवाज थोडा पुढे आणायचा. एका गाण्यावर तो चार-चार दिवस घालवायचा. मला तर पहिल्या आणि चौथ्या दिवसाच्या गाण्यात कधी फरक कळला नाही, पण हे मी त्याला बोललो नाही.

तर झालं असं की त्याच्या मुलानं, आशिषनं, पुण्याहून नवा कॉम्प्युटर पाठवला. तो आला दसऱ्याच्या दोन दिवस आधी. आता कोणीही शहाणा माणूस आधी नवा लावून बघेल, डबा जुळतो का ते पाहील, आणि मग जुन्याचं काय करायचं ते ठरवेल. मनोहरनं जुना कॉम्प्युटर पुसून काढला, त्यावर पांढऱ्या रंगानं ‘धम्मदान – मनोहर सोमकुवर’ असं लिहवून घेतलं आणि धम्मचक्र प्रवर्तन दिनाला विहाराच्या अभ्यासिकेला देऊन टाकला. हार पडला, फोटो निघाला, टाळ्या झाल्या. मीही टाळ्या वाजवल्या, ते आठवून आता स्वतःचाच राग येतो.

"आधी तपासलं काहून नाही?" मी नंतर विचारलं.

"धम्मदिन माह्यासाठी थांबते का, गुरुजी?" तो म्हणाला.

डबा अर्थातच जुळला नाही. पहिली अडचण वायरचीच. डब्याची वायर जिथं खुपसायची तसली खाच नव्या कॉम्प्युटरला नसतेच. मनोहर नागपूरला जाऊन एक कार्ड घेऊन आला, ते कॉम्प्युटर उघडून आत बसवलं. डब्याचा हिरवा दिवा लागला. त्या दिवशी त्यानं मला पेढा खिलवला.

"लाइट लागून राहिला गुरुजी, पण कॉम्प्युटर त्याले ओळखूनच नाही राहिला," दुसऱ्या दिवशी त्याचा फोन.

डब्याची आणि कॉम्प्युटरची ओळख करून देणारा एक छोटा प्रोग्राम असतो, त्याला ड्रायव्हर म्हणतात, हे मला त्या आठवड्यात कळलं. न कळतं तर बरं झालं असतं. या डब्याचा ड्रायव्हर जुन्या सिस्टीमसाठी बनवलेला. बनवणारी कंपनी कधीच बंद पडलेली. नवी सिस्टीम म्हणायची, हा प्रोग्राम भरवशाचा नाही. मनोहरनं तिची सुरक्षा बंद केली. मग ती म्हणायची, सुरक्षा बंद आहे, चालू करा. त्यानं इंटरनेटवर इंग्रजीत प्रश्न टाकला, ब्राझीलच्या कुठल्या माणसानं उत्तर दिलं की माझीही हीच रड आहे. मनोहरला तेवढ्यानंही धीर आला. मला नाही आला.

एवढी धावपळ कशासाठी, तर यमुनाबाईंसाठी. यमुनाबाई डोंगरे रामाकोन्याच्या. दिवसभर कापूस वेचायचा आणि संध्याकाळी विहारात आठ जणींनी गायला बसायचं, असं त्यांचं बावीस वर्षांचं मंडळ. आता त्यांचा मुलगा त्यांना कायमचं सुरतला नेणार होता. आठही जणींचं एकत्र गाणं त्यांच्या जाण्याआधी नीट उतरवून ठेवायचं, हे मनोहरनं डोक्यात घेतलं होतं. एकेकीला वेगळं गायला लावून पुढे जोडता येतं, दोन माइकांच्या नव्या डब्यावर सगळे तेच करतात. त्यानं एकदा यमुनाबाईंना तसं एकटं बसवलंही होतं. बाई दोन ओळी गाऊन थांबल्या. "मागं कोणी उचलूनच नाही राहिलं," म्हणाल्या. तेव्हा आठ माइक हवेतच.

शेवटी मीच म्हटलं, विहारात जाऊ, जुना कॉम्प्युटर दोन दिवसांसाठी मागू. तो नको म्हणत होता. दिलेलं दान मागायचं म्हणजे त्याला मेल्याहून मेल्यासारखं. मी ओढतच नेलं. अभ्यासिका बघणारी प्रणाली तिथंच होती. त्या कॉम्प्युटरवर दोन मुली कुठल्याशा परीक्षेचा फॉर्म भरत होत्या.

"काका, तो तं आम्ही पहिल्याच हप्त्यात साफ केला," प्रणाली म्हणाली. "जुन्या सिस्टीमवर फॉर्मची साइटच उघडत नव्हती, म्हणून नवी टाकली. तुमचं काही होतं का त्यात?"

"नाही, नाही," मनोहर म्हणाला. "पोरी बसून राहिल्या ना त्याच्यावर, बस झालं." बाहेर येऊन त्यानं स्कूटरला तीन किका मारल्या, त्या लागल्या नाहीत, आणि मग तो स्कूटरलाच शिव्या देत सुटला.

ठरलेला रविवार उजाडला. आठही जणी कापसाचा दिवस मोडून, सौंसरला गाडी बदलून अकराला हजर. खोलीत गोल बसल्या, त्यांच्यातल्या उषाबाईंनी ढोलकी मांडीवर घेतली. आदल्या रात्री मनोहरनं सुरक्षा पुन्हा बंद करून ड्रायव्हर कसाबसा बसवला होता, आणि डबा चालला! आठही आवाज पडद्यावर हलताना मी स्वतः पाहिले. अकरा मिनिटं चालला. मग कढईत भजी सोडल्यासारखा तडतडाट सुरू झाला आणि पाठोपाठ कॉम्प्युटर आपल्याच मनानं बंद होऊन पडद्यावर उमटलं, अपडेट सुरू आहे, कृपया बंद करू नका. अपडेट आटोपलं तेव्हा सिस्टीमनं आपली सुरक्षा पुन्हा चालू केलेली होती आणि डबा पुन्हा अनोळखी.

एक वाजला, दोन वाजले. मनोहर आमच्याकडे पाठ करून वायर काढी, घाली. मानेवरून घाम वाहत होता. बायांनी भाकरी सोडल्या, खाल्ल्या, त्याला दिल्या, तो जेवला नाही.

"भाऊ, अजून किती टाइम लागन?" यमुनाबाईंनी विचारलं. "चारची गाडी सुटली तं सौंसरहून पुढं काही भेटत नाही."

"पाचच मिनिटं, यमुनाबाई," तो म्हणाला. हे तो पंधराव्यांदा म्हणत होता.

माझा ताबा सुटला. मी माझा फोन काढला, रेकॉर्डिंग सुरू केलं, बायांच्या मधोमध स्टुलावर ठेवला आणि म्हटलं, "गा." फोनवर गाणी टिपणाऱ्यांना मनोहरनं आयुष्यभर नावं ठेवली होती, हे मला पक्कं माहीत होतं. तो वळलाही नाही. यमुनाबाईंनी ओळ टाकली, सात जणींनी उचलली, आणि सहा गाणी एका दमात झाली. तसं त्यांना गाताना मी कधी ऐकलं नव्हतं. माझे डोळे भरून आले, लपवायला चष्मा पुसत बसलो.

मग सगळ्यांनी फोनभोवती कोंडाळं करून ऐकलं. उषाबाई आपलीच ढोलकी ऐकून लाजल्या.

"किती साफ आलं ना भाऊ!" यमुनाबाई म्हणाल्या. मनात काही नाही, सरळ विचारलं, "मंग इतके वर्षं त्या तारा कायले लावत होते?"

मनोहर पहिल्यांदा वळला. "तुम्ही आठही जणी येगयेगळ्या आयकू याव्या म्हणून," तो म्हणाला.

"पण आम्ही येगयेगळ्या गातच नाही ना, भाऊ."

त्यांना खिजवायचं नव्हतं. त्यांना खरंच नवल वाटलं होतं. मनोहर त्यांच्या पिशव्या उचलून त्यांना स्टँडवर सोडायला गेला.

यमुनाबाई सुरतला गेल्या त्याला आता चार महिने झाले. ती सहा गाणी रामाकोन्यापासून सौंसरपर्यंत ज्याच्या त्याच्या फोनवर आहेत. मनोहरनं माझ्याकडे ती अजून मागितलेली नाहीत. मीही त्याला पाठवली नाहीत, आणि त्या दिवशी आणखी पाच मिनिटं थांबलो असतो तर, हा विचार काही डोक्यातून जात नाही.