विशाखाआत्याचे रविवार

राजकुमारचा फोन आला तेव्हा विशाखा कंपनीच्या बसमधून उतरून मुकुंदवाडीच्या भाजीवाल्यापाशी उभी होती. एका हातात रिकामा डबा, दुसऱ्या हातात मेथीची जुडी, आणि फोन खांद्यानं कानाशी दाबून धरलेला. भाऊ इंग्लंडमधल्या लीड्सहून बोलत होता. त्याच्या मुलाला, सम्यकला, कॉलेजच्या अभ्यासाचा भाग म्हणून उन्हाळ्यात दोन महिने परदेशी राहून काम करायचं होतं.

"मी म्हणलं, परदेशीच जायचं तर आपल्या गावाला जा. तिथल्या एका संस्थेत शहरातल्या बसथांब्यांची पाहणी करायची आहे. तुझ्याकडं राहील. चालंल ना?"

"चालंल की," विशाखा म्हणाली.

नाही म्हणायला दम लागतो. तो तिच्यात तेव्हा नव्हता, आणि गेल्या कित्येक वर्षांत कधी होता हेही तिला सांगता आलं नसतं. चितेगावच्या एका कंपनीत बाटल्यांची झाकणं बनत. तिथं पॅकिंगच्या लाईनवर ती उभी राही. एक आठवडा पहिली पाळी, एक आठवडा दुसरी. मधल्या वेळात घर, आणि घरात आई. वडील लवकर गेले, मग आईची, मनकर्णाबाईची, शुगर वाढली, मग पाय गेले. विशाखाला स्थळं येत होती तोवर आईला कोण बघणार हा प्रश्न होता. पुढं स्थळं यायची थांबली, आणि प्रश्न आपोआप मिटला. दोन वर्षांपूर्वी आई गेली. राजकुमारनं ते सगळं मोबाईलच्या पडद्यावर पाहिलं. आता विशाखा अठ्ठेचाळीस वर्षांची होती, दोन खोल्यांत एकटी होती, आणि तिच्या मालकीचं म्हणता येईल असं काही असेल तर तो रविवार होता.

सम्यक जूनमध्ये आला. उंच, लाजरा, वीस वर्षांचा पोरगा. त्याच्या देशात तो उन्हाळा होता. इथं आभाळ भरून यायचं आणि न पडताच निघून जायचं, त्यामुळं अंगाची नुसती काहिली होत होती. त्याचं मराठी ऐकून विशाखाला हसू आलं. बापाकडून शिकलेलं, त्यामुळं बाप ज्या वर्षी गाव सोडून गेला त्या वर्षाचं. हातरुमालाला तो 'दस्ती' म्हणाला तेव्हा शेजारची सरूबाई दारात थबकली. "माझी नातवंडं पण म्हणत नाय गं आता असं," ती म्हणाली.

पोरगा चांगला होता. ताट स्वतः धुवायचा, आठवड्यातून एकदा नळाला पाणी आलं की बादल्या भरायला उठायचा. तरी एक माणूस वाढलं की वाढतंच. पहिल्या पाळीला जायच्या आधी दोघांचा स्वयंपाक, आल्यावर पुन्हा दोघांचा. तिखट कमी, तेल कमी, पाणी उकळून गार केलेलं. विशाखा हे सगळं करत होती, आणि त्यातलं तिला काही जड वाटलं नाही. जड झाली ती पिशवी.

राजकुमारनं मुलासोबत एक मोठी पिशवी पाठवली होती. जालन्याच्या भागूबाईमावशीला स्वेटर, परभणीच्या अप्पारावमामाला शाल, अजिंठ्याजवळच्या खेड्यात राहणाऱ्या कडुबाकाकाला ब्लँकेट, आणि वर चहाचे डबे, चॉकलेटं, ज्याला त्याला. "सगळ्यांच्या घरी त्याला घेऊन जा," फोनवर तो म्हणाला. "त्याला आपली माणसं कळू दे." माणसांचेही फोन सुरू झाले. लंडनचा नातू आलाय, अजून आमच्याकडं काऊन आणला नाय? लीड्स वेगळं आणि लंडन वेगळं, हे सांगायचं विशाखानं पहिल्याच आठवड्यात सोडून दिलं.

मग रविवार सुरू झाले. सकाळी मुकुंदवाडीच्या स्टेशनावर पॅसेंजर धरायची, संध्याकाळी परत यायचं, सोमवारी कंपनी. सम्यकला गाडी फार आवडली. त्याच्या देशातल्या गाड्यांची दारं आपोआप बंद होत. इथं दारात उभं राहता येतं याचंच त्याला अप्रूप. चिकलठाणा, करमाड, बदनापूर, एकेका पाटीवरचं नाव तो मोठ्यानं वाचायचा. विशाखा खिडकीला डोकं टेकून बसायची. झोपायची मात्र नाही. पिशवी तिच्या मांडीवर असायची.

जालन्याला भागूबाईमावशीनं पोराला पोटाशी धरलं, तोंडावरून हात फिरवला, कानशिलाशी बोटं मोडली. कोंबडीचा रस्सा, भाकरी, वर शिरा. खाऊन झालं आणि स्वेटर हातात पडला, तसा तिचा सूर बदलला.

"तुझा बाप कव्हा येणार रे?"

"सुट्टी मिळाली की येतील, आजी."

"माझ्या बहिणीच्या मातीला आला नाय. तवा सुट्टी नव्हती, आता स्वेटर पाठवायला बरी मिळाली. मोबाईलमधून माती देता येती व्हय?"

"मावशी, जाऊ दे ना," विशाखा म्हणाली.

"तू गप. तूच त्याला लाडावून ठेवला."

परतीच्या गाडीत सम्यक दारात न जाता विशाखाशेजारी बसला. मग म्हणाला, "आत्या, पप्पांना तेव्हा तिकीट मिळालं नव्हतं ना?"

"नसंल मिळालं," विशाखा म्हणाली. भावाला पाठीशी घालणं तिच्या इतकं अंगवळणी पडलं होतं की शब्द विचाराआधीच बाहेर आले.

पुढचे तीन रविवार असेच गेले. कुणी रडून बोललं, कुणी हसून, कुणी नुसतं ताटात वाढता वाढता. जेवण मात्र सगळीकडं पोट फुटेस्तोवर. सम्यक मान खाली घालून ऐकायचा. आधी तो बापाच्या बाजूनं काही सांगू बघायचा. नंतर नुसतं "हो आजी, हो आजोबा" म्हणू लागला. विशाखाचे पाय सुजायला लागले होते. लाईनवर सुपरवायझर म्हणाला, "विशाखाताई, तब्येत ठीक आहे ना? झाकणं उलटी जायलीत." ती म्हणाली, ठीक आहे.

परभणीला अप्पारावमामाकडं सगळं टोकाला गेलं. मामा ऐंशीच्या घरात, मनकर्णाबाईचा पाठचा भाऊ. एकेकाळी शाळेत शिपाई होते, पण हेडमास्तरांनाही त्यांचा धाक वाटे. पोराला त्यांनी प्रेमानं जवळ बसवलं, अभ्यासाचं विचारलं, बाबासाहेब तिकडं शिकायला होते ते घर पाहिलं का म्हणून विचारलं. सम्यकनं पाहिलं होतं. ते दोघं त्यावर छान बोलले. विशाखाला वाटलं, इथं तरी निभावलं. मग तिनं शाल काढली.

मामांनी घडी उघडलीसुद्धा नाही. दोन्ही हातांनी उचलून ती परत सम्यकच्या मांडीवर ठेवली.

"ही माझ्या अंगावर पडंल तर त्याच्या हातानं पडंल," ते म्हणाले. "ही पोराच्या हाती पाठवायची वस्तू नाय. राग मानू नको बाळा. तुझ्यावर काही नाय."

सून चहा घेऊन आली, तो प्यायला आणि ते दोघं स्टेशनावर आले.

गाडीत बसायला जागा मिळाली. सेलू गेलं, परतूर गेलं. पिशवीत आता एक शाल आणि एक ब्लँकेट एवढंच उरलं होतं. सम्यकनं ती विशाखाच्या मांडीवरून उचलून आपल्याकडं घेतली. तेवढं मात्र विशाखाला आठवतं. त्यानंतरचं काही आठवत नाही.

जाग आली तेव्हा गाडी थांबलेली होती आणि बाहेर लासूरची पाटी होती. मुकुंदवाडी गेली, संभाजीनगर गेलं, दौलताबादचा किल्लासुद्धा मागं राहिला होता. विशाखा धडपडत उठली. दोघं घाईघाईनं खाली उतरले आणि गाडी निघून गेली.

"उठवलं काऊन नाहीस मला?"

सम्यक ओशाळला. "दोनदा हात पुढं केला, आत्या. पण मी आलो तेव्हापासून तुला झोपलेलं बघितलंच नव्हतं. तू माझ्यानंतर झोपतेस आणि माझ्याआधी उठतेस. वाटलं, अजून एक स्टेशन झोपू दे. मग अजून एक."

विशाखाला रागवायचं होतं. पण तिच्या मानेतला ताण उतरला होता आणि डोळे हलके झाले होते, म्हणून तिला ते जमलं नाही. परतीच्या गाडीला अवकाश होता. सम्यकनं स्टॉलवरून चहा आणि गरम भजी आणली. दोघं बाकावर बसले. समोर मक्याचं रान, उन्हं कललेली.

"का आला नाहीत, ते मी पप्पांना विचारणार नाही," सम्यक मधेच म्हणाला. "मला माहीत आहे. आजी गेली त्या आठवड्यात ते रोज ऑफिसला जात होते. घरी आले की गाडीतच बसून राहायचे, घरात यायचेच नाहीत. आई जाऊन बोलावून आणायची. मला वाटायचं, त्यांना इकडं यायची भीती वाटते."

"भीती कसली?"

"तेव्हा कळलं नव्हतं. आता सगळ्यांच्या घरी जाऊन आलो ना."

दोन वर्षांत हे तिच्या मनात आलं नव्हतं. भाऊ व्यस्त असेल, निबर झाला असेल, बायकोनं अडवलं असेल, असं काहीबाही तिनं धरून ठेवलं होतं. तो भ्यायला असेल, असं कुणी म्हणालं नव्हतं.

"तुला राग आला होता का त्यांचा?" सम्यकनं विचारलं.

"राग धरायला पण फुरसत लागती बाळा," ती म्हणाली. मग स्वतःलाच ऐकवावं तशी म्हणाली, "मी दमले रे. आईचं करून दमले नाय, ते करावंसं वाटायचं. त्यानंतर दमले. कुणी विचारलंच नाय की दमली का म्हणून. सगळे विचारतात, राजकुमार कसा आहे."

सम्यकनं भज्यांचा कागद चुरगळून हातात धरला. म्हणाला, "पुढच्या रविवारी कुणाकडं जायचं नाही."

"कडुबाकाका राह्यलेत की."

"नाही जायचं. तू झोप. मी वरण-भात करतो."

त्यानं केला. वरण पातळ झालं होतं, भात चिकट. विशाखा दुपारी झोपली ती दिवेलागणीला उठली. त्याच्या पुढच्या रविवारी तिलाच करमेना, म्हणून दोघं पुन्हा स्टेशनावर गेले आणि नगरसोलचं तिकीट काढलं. तिथं त्यांचं ओळखीचं कुणी नव्हतं. उतरले, एका टपरीवर मिसळ खाल्ली, गावातून एक चक्कर मारली, परत आले. जाताना विशाखा झोपली, येतानाही झोपली. सम्यक दारात उभा राहून पाट्या वाचत राहिला.

ही बातमी नातेवाइकांत पसरायला वेळ लागला नाही. पोराला घेऊन ही कुठं कुठं हिंडती म्हणं, आणि काकाच्या दारात जायला हिला सवड नाय. भागूबाईमावशीनं फोनवर चार शब्द सुनावले. विशाखानं फोन चटईवर ठेवला, भाजी निवडली आणि मधून मधून "व्हय मावशी" म्हणत राहिली.

कडुबाकाका शेवटी स्वतःच एसटीनं आले. खांद्यावर पोतं, पोत्यात मक्याची कणसं. पोरानं ब्लँकेट दिलं, ते त्यांनी घेतलं, गालाला लावून पाहिलं आणि म्हणाले, "मऊ आहे." राजकुमारचं नावही काढलं नाही. रात्री मुक्काम केला. सकाळी निघताना दारात चप्पल घालता घालता म्हणाले, "विशाखे, लई वाळलीस गं. कंपनीत तुला कुणी येगळं काम देत नाय का, बसून करायचं?"

"मागते काका," ती म्हणाली. आणि खरोखरच पुढच्या आठवड्यात तिनं सुपरवायझरला विचारलं. तो म्हणाला, बघू. अजून बघतोच आहे.

सम्यक जायच्या आदल्या दिवशी राजकुमारचा फोन आला. "सगळ्यांच्या भेटी झाल्या ना? अप्पामामाला शाल आवडली?"

"घेतली नाय त्यांनी," विशाखा म्हणाली. "इथंच आहे. तू ये आणि घाल त्यांच्या अंगावर."

तिनं फोन दुसऱ्या कानाला लावला.

"राजू, लई बोलतील तुला. पण जेवू पण घालतील. पोरगं सगळीकडं ऐकून घेऊन आलं तुझ्या वाट्याचं. ते त्याचं काम नव्हतं."

"बघतो," तो म्हणाला. असं तो नेहमीच म्हणत असे, म्हणून विशाखानं ते मनावर घेतलं नाही. सम्यक गेला, घर पुन्हा एका माणसाचं झालं. पहिले काही दिवस ती दोघांचाच भात टाकत होती.

पण जानेवारीत राजकुमार आला. एकटाच, थोड्या दिवसांसाठी. केस पांढरे झाले होते आणि बॅग उचलताना कमरेला हात लागत होता. आल्यावर आईच्या फोटोपुढं उभा राहिला, मग त्याच्यानं उभं राहवेना तसा खाली बसला. विशाखानं त्याला रडू दिलं.

रविवारी त्यानं मामांकडं आणि मावशीकडं जायला भाड्याची गाडी बोलावली. "चल ना तू पण," तो म्हणाला. "मी एकटा काय बोलू तिथं?"

"काही बोलू नको. ऐक," विशाखा म्हणाली. "मी नाय येत. रस्ता तुला माहीत आहे."

तो शाल घेऊन गेला. विशाखानं दुपारी गच्चीवर उन्हात अंथरूण टाकलं, केस वाळवले, सरूबाईशी गप्पा मारल्या. अंधार पडल्यावर गाडी दाराशी थांबली. राजकुमार आत आला तो रिकाम्या हातानं. डोळे सुजले होते, आणि शर्टावर वरणाचा डाग होता.

"मामा लई बोलले," तो म्हणाला.

"मग?"

"मग घेतली शाल. मावशीनं तर दारातच..." तो आईच्या कॉटवर बसला. "दमलो गं. सगळ्यांनी जेवायला लावलं."

विशाखा ताट करायला आत गेली. बाहेर आली तेव्हा तो पायांत बूट तसेच ठेवून आडवा झाला होता, तोंड उघडं, घोरत. तिनं त्याच्यावर गोधडी टाकली आणि त्याचं ताट झाकून ठेवलं. तिला भूक लागली होती, म्हणून ती जेवली. मग सकाळच्या पाळीसाठी डबा घासायला घेतला.