नाक-डोळे नको म्हणाली अक्का

दाजींचा फोन आला तेव्हा मी दुधावरची साय काढत होते. "सुधा, अक्का गेली गं तुझी." एवढंच बोलून त्यांनी फोन ठेवला. आजारपण वर्षभराचं, कधीतरी हे ऐकावं लागणार हे ठाऊक होतं. तरीही सायीची वाटी हातात धरून मी किती वेळ उभी होते, कोण जाणे...

अक्का माझी थोरली बहीण. उचगावात दाजींचं किराणा दुकान, मागं घर. ती मोठ्यानं बोलायची, मोठ्यानं हसायची. अनोळखी गिऱ्हाइकालाही "पावणं, च्या घ्या की" म्हणून बसवून घ्यायची. मल्लू तिचा एकुलता मुलगा. कॉलेजातून येताना हायवेवर ट्रकखाली सापडला. दवाखान्यातून आणला तो पांढऱ्या कापडात पुरता गुंडाळून. अक्का कापडाला झोंबली, तसे दाजींनी तिचे दोन्ही हात घट्ट धरले. "बघू नगंस." आमच्यात बसवून पुरतात. खड्ड्यात बसवतानाही मल्लूच्या तोंडावरचं कापड कुणी काढलं नाही.

मग अक्काचं बोलणंच थांबलं. गल्लीतल्या गणपतीच्या कारखान्यात ती जाऊन बसायची. मालक कुंभारमामांनी एकदा शाडूचा गोळा तिच्या हातात दिला. बरेच दिवस ती तो दाबत, थापत राहिली. झालं ते काय, कुणाला कळेना. खाली रुंद, वर निमुळतं, जरासं पुढं झुकलेलं, वीतभर उंच. कुणाला ती पिंड वाटली, शेजारणीला अंड्यांवर बसलेली कोंबडी. मला मात्र बघताक्षणी खड्ड्यात बसवलेला मल्लू दिसला.

"ताई, नाक-डोळं काढून देऊ काय?" मामांनी विचारलं.

"नगं," अक्का म्हणाली. "जे बघितलंच न्हाय, ते कुठनं आणू?"

देवळीशेजारच्या फळीवर तिनं ते ठेवलं. उन्हाळ्यात भेगा पडल्या की ओली माती भरायची आणि भरता भरता त्याच्याशी बोलायची, "ऊन लागलं व्हय रं?" दाजी तेवढ्यात उठून दुकानात जायचे. शेवटच्या भेटीत अक्का मला म्हणाली, "दगुड हायत ते. पोरासाठी एकदा रडलं न्हाईत." हे मनात धरूनच ती गेली.

दिवसकार्य उरकल्यावर नातेवाईक म्हणाले, फळीवरचं ते तेवढं पंचगंगेत सोडून या. मी ते उचललं, तर दाजी म्हणाले, "ठेव खाली."

मी ठेवलं.

"दवाखान्यात वळख पटवाय मला आत नेलतं, सुधा. शर्टावरनं वळखला मी." त्यांनी त्या मातीच्या आकाराकडं बोट केलं. "असंच हुतं गं... नाक न्हाय, डोळं न्हाय, काय सुदिक न्हाय. आन् हिनं न बघता तसाच केला. रोज जेवताना समोर."

"अक्काला कधी सांगितलं नाहीत?"

"काय सांगू? तिच्या डोक्यातला मल्लू तरी धड हुता की."

ते उठून फळीपाशी गेले. तोंड असायला हवं तिथं त्यांनी तळवा ठेवला, लहान पोराचं तोंड पुसावं तसा, आणि भिंतीकडं वळून हमसून हमसून रडले.

विसर्जनाचा विषय मी पुन्हा काढला नाही. आता दुकान उघडण्याआधी ते रोज तिथं हात ठेवून उभे राहतात. परवा मी उचगावला गेले तेव्हा बघितलं... तेवढ्या जागची माती तेलकट, काळपट होत चालली आहे.