कुवेतवाले भाई घाबरायचे

कुवेतवाले भाई घाबरायचे, आणि त्यांना त्याची लाज वाटत नसे. पाल दिसली की ते खुर्चीवर पाय वर घेऊन बसत. वीज चमकली की कॉम्प्युटरच्या सगळ्या पिना भिंतीतून काढत. मी गॅस पेटवायला घेतला की बाहेर जिन्यात जाऊन उभे राहत आणि तिथून विचारत, "पेटला काय गो बाय?" पेटला म्हटलं की आत येत. अर्धा जन्म परदेशात काढलेला, पांढरी दाढी झालेला माणूस. बंदरावरची माणसं हसायची. भाई म्हणायचे, "हसा, हसा. घाबरलेला माणूस कोणाचं वाईट करीत नाय."

मी त्यांच्याकडे झाडलोट आणि चहाचं काम करत होते. मिरकरवाडा बंदरात बर्फाच्या कारखान्यावर त्यांची एक खोली होती. आमचे हे ट्रॉलरवर खलाशी. आम्ही दोघं संगमेश्वरकडची, नदीकाठची. नदीला पलीकडचा काठ असतो. समुद्राला नाही, हे मी लग्नानंतर पहिल्यांदा बघितलं आणि भीती बसली ती बसलीच. पण मी कोणाला सांगितलं नाही. इथल्या बायका टोपली डोक्यावर घेऊन बोटीवर चढतात, त्यांच्यात मी काय सांगणार? भाई घाबरायचे ते सगळ्यांना दिसे. माझं कोणाला दिसत नसे, एवढाच आमच्यात फरक.

भाईंची माणसं केळशीकडची, पिढ्यान्‌पिढ्या गलबतांवर गेलेली. भाई मात्र पाण्याला भ्यायचे. कुवेतला बंदरातच नोकरी केली, पण कॉम्प्युटरसमोर, काचेच्या आत. इथेही धक्क्यावर कधी गेले नाहीत. बर्फाच्या गाड्या लागतात तिथपर्यंत येत आणि मागे फिरत. "माझा बाप दर्याला घाबरला नाय," ते म्हणायचे, "म्हणून त्याची कबर गावात नाय."

त्यांचं काम बोटवाल्यांसाठी होतं. बऱ्याच बोटींचे मालक असलेले एक शेठ होते, त्यांनी भाईंना मोबाईलवर उघडणारं एक पान करायला सांगितलं होतं. त्यावर कोणती बोट कधी गेली, कधी आली, आणि मुख्य म्हणजे हवा कशी आहे ते दिसायचं. पूर्वी माणसं आभाळ बघत, बंदरावरचा बावटा बघत. पान सुरू झाल्यावर हळूहळू सगळे खिशातून मोबाईलच काढायला लागले.

एकदा फरशी पुसताना मी पडद्याकडे बघत राहिले. भाईंच्या ते लक्षात आलं. मी विचारणार नाही हे त्यांना माहीत होतं, म्हणून आपणच म्हणाले, "ये, बघ. हे एक्सएमएल. हवामानवाले रोज अशी फाईल ठेवतात. माणसाने वाचायची नाय, मशीनने वाचायची. म्हणून प्रत्येक गोष्ट नाव लावून ठेवलेली. ‘वारा’ लिहून उघडायचं, आत वेग लिहायचा, परत ‘वारा’ लिहून बंद करायचं. जिल्ह्याच्या आत दिवस, दिवसाच्या आत वारा. डब्यात डबा, आणि ज्याचं झाकण त्यालाच. एक झाकण कमी पडलं तरी हे मशीन अख्खी फाईल टाकून देतं. अंदाज बांधीत बसत नाय."

"एवढ्याने टाकून देतं?" मी म्हटलं.

"देतं. घाबरट आहे गो ते, माझ्यासारखं. म्हणून तर आवडतं मला."

शेठ एकदा दारात उभे राहून हे ऐकत होते. म्हणाले, "भाई, दुनियेत एवढे शूर कॉम्प्युटर, आणि तुम्हाला बरा तुमच्या जातीचा भित्रा सापडला!" त्या दिवशी भाई सगळ्यांत मोठ्याने हसले.

शेठ वाईट माणूस नव्हता. पण पान कोरं दिसलेलं त्यांना खपत नसे. इशारा नसला की तिथे काहीच यायचं नाही, आणि बोटी चालवणारे तांडेल फोन करून करून त्यांना हैराण करायचे. शेठ म्हणाले, "इशारा नसेल तेव्हा हिरवी पट्टी दाखवा. समुद्र शांत, एवढं लिहा. माणसाला बरं वाटतं." भाईंनी तसं केलं. फाईलमध्ये इशारा एकही सापडला नाही की पट्टी हिरवी. आम्हा बायकांनाही ते बरं वाटायचं. हे निघाले की मी शेजारणीच्या मोबाईलवर हिरवं बघून घ्यायची आणि मग भात लावायची.

दिवाळीच्या आधीचे दिवस होते. हवा कोंदट, पाणी तेलासारखं पडून राहिलेलं. सकाळपासून लाईट जात-येत होती. दुपारी मी कप विसळत होते आणि मागे भाईंचा आवाज नव्हता. घाबरले की ते बोलत, उठत, बसत. त्या दिवशी गप्प होते, म्हणून मी वळून बघितलं. त्यांचा चेहरा उतरला होता.

"बाय, सकाळची फाईल अर्धीच आली. इंटरनेटच्या लाईनीत तुटली. मशीनने टाकून दिली."

"मग?"

"मग इशारा एकही सापडला नाय. पट्टी हिरवी झाली." ते पडद्यावरून बोट फिरवत होते. "आता पुरी ओढली. मोठा वारा आहे. खूप मोठा. तुझा घरवाला कुठे?"

हे खाली बर्फ भरत होते. भाईंनी शेठना फोन लावला. घंटा वाजत होती, पण खाली बर्फ फोडायचं मशीन सुरू असलं की धक्क्यावर काही ऐकू येत नाही. भाई म्हणाले, "चल," आणि चपला न घालताच जिना उतरले.

आम्ही पोचलो तेव्हा दोर सुटला होता. बोट आणि धक्का यांच्यामध्ये पाणी दिसत होतं, आणि ते रुंद होत होतं. इथे दर्यावर निघालेल्या माणसाला मागून हाक मारत नाहीत. कुठे जाता असंही विचारत नाहीत. भाई बर्फाच्या गाड्या ओलांडून थेट धक्क्याच्या टोकाला गेले, तसे शेठ हात आडवे करून धावले.

"भाई, मागनं हाक नको! माहीत नाय काय तुम्हाला?"

"मी अपशकुनी, शेठ. माझ्या नावावर लिहा. आता ओरडू द्या."

आणि ते ओरडले. फिरा मागे, वारा आहे, पान खोटं आहे! एका हाताने त्यांनी दोर बांधायचा खांब धरला होता. इंजिनाच्या आवाजात बोटीवर कोणाला काही कळेना. एकाने तर आपल्याला टाटा करतायत समजून हात हलवला. मी "अहो" म्हणून हाक मारली. "अहो"ला कोण वळणार? मग माझ्या तोंडून त्यांचं नाव निघालं. सदानंद! उखाण्याशिवाय मी ते कधी घेतलं नव्हतं. परत घेतलं, घसा फाटेपर्यंत घेतलं. ते वळले. माझ्या आवाजात आपलं नाव ऐकून काहीतरी भयंकर झालं असं त्यांना वाटलं, असं नंतर म्हणाले. त्यांनी तांडेलला सांगितलं, तांडेलने आम्हाला शिव्या घातल्या, आणि बोट फिरली.

घरी आल्यावर हे फुगून बसले. "चारचौघांत नाव घेतलंस माझं." संध्याकाळी वारा सुटला, घरावरचे पत्रे उठून आपटायला लागले. तेव्हा माझा हात धरून बसले.

पण शेठची दुसरी बोट सकाळीच गेली होती, हिरवी पट्टी बघून. ती कशीबशी जयगडच्या खाडीत शिरली. तिच्यावरचा एक खलाशी आला नाही. नेपाळकडचा होता. जाळं आत घेताना लाटेने नेला, असं तांडेल म्हणाला. त्याचं नाव मला भाईंनी सांगितलं. मी ते इथे लिहीत नाही, ते त्याच्या घरच्यांचं आहे.

भाईंना कोणी बोललं नाही. दर्याचं काम, असं व्हायचंच, सगळे म्हणाले. भाई ऐकून घेत. एकदा माझ्याशी म्हणाले, "पालीला घाबरलो, विजेला घाबरलो. आणि खरं घाबरायचं तिथे हिरवी पट्टी लावून चहा पीत बसलो." मशीनने फाईल टाकून दिली, म्हणजे ते घाबरलं होतं. त्याची भीती लोकांपर्यंत पोचवायची ती आपण हिरव्या रंगाने झाकली, असं ते म्हणत. मला सगळं कळलं नाही. पण इशारा नसणं वेगळं आणि इशारा वाचताच न येणं वेगळं, आणि पानावर दोन्ही सारखीच दिसत होती, एवढं कळलं. तेव्हापासून मला हिरव्या रंगाचीच धास्ती बसली.

मग त्यांनी लाल पट्टी केली. फाईल आली नाही, तुटकी आली, वाचता आली नाही, की पानभर लाल. वर लिहिलेलं असे, "माहिती मिळाली नाही. समुद्र शांत आहे असे समजू नका." आपल्याकडची लाईन ही अशी. लाल पट्टी सारखी लागायची. खलाशी बोटीवर पाय ठेवीनात. शेठ जिना चढून आले.

"भाई, हवा खराब असेल तर लाल करा. माहीत नसेल तर कशाला?"

"माहीत नसेल तर जास्तच, शेठ."

"बर्फ वितळतोय माझा. माणसं घाबरतायत."

"घाबरू देत. घाबरलेला माणूस घरी असतो."

"तुमच्या भीतीने धंदा बसेल हो!"

"बसलेला धंदा उठतो," भाई म्हणाले, आणि पडद्याकडे वळले. शेठ मान हलवून जिना उतरले. पण पुढचा पावसाळा संपला आणि शेठनी ते काम दुसऱ्यांना दिलं.

भाई पुण्याला मुलीकडे गेले. निघताना मी कप पुसत होते, पुसून झालेले परत पुसत होते. ते म्हणाले, "बाय, तू जिना उतरताना भिंतीकडे तोंड करतेस. समुद्र दिसू नये म्हणून. पहिल्या दिवसापासून बघतोय मी." मला रडू आलं. एवढ्या वर्षांत ते कोणीच बघितलं नव्हतं. "घाबरत जा गो, त्यात काय नाय. पण मनातल्या मनात नको. मोठ्याने घाबर." मग रिक्षात बसले. वळणापलीकडे जाईपर्यंत त्यांचा आवाज येत होता, "सावकाश हां बाबा, सावकाश."

आता त्या खोलीत एक तरुण इंजिनिअर बसतो. चांगला आहे, मला मावशी म्हणतो. पान फार सुंदर झालं आहे, त्यावर लाटा हलतात. लाल पट्टी नाही. ह्यांची बोट निघायची असली की मी वर जाते. खोलीत चार माणसं बसलेली असतात. तरी दारातून विचारते, "फाईल पुरी आली काय?"

"आली हो मावशी."

"वाचली काय मशीनने?"

माणसं हसतात. तोही हसतो, आणि हसत हसतच खुर्ची फिरवून बघतो. तो बघेपर्यंत मी हलत नाही. खाली धक्क्यावर हे पिशवी खांद्याला लावून, मान वर करून उभे असतात. मी जिन्यातून मान हलवली की मगच बोटीवर पाय ठेवतात. मग मी जिना उतरते, अजूनही भिंतीकडेच तोंड करून.