सकाळी प्रश्न नकोत

रक्त तपासणीचं सेंटर रोज सकाळी उघडायची जबाबदारी माझ्यावर आली, तेव्हा मी आमच्या घरातल्या सकाळीकडे पहिल्यांदा नीट बघितलं. एक मोजा सापडायचा, दुसरा गायब. दूध उतू जायचं. नवरा विमानतळावर नोकरीला, त्याची ड्यूटी कधी दिवसाची तर कधी रात्रीची, त्यामुळे त्याच्या भरवशावर काही ठरवणं शक्यच नव्हतं. तिकडे सेंटरच्या दारात माणसं उपाशीपोटी माझी वाट बघत उभी असायची. उपाशी माणूस सकाळी सकाळी काय बोलतो, ते ऐकायचं असेल तर एकदा तिथे येऊन उभं राहावं.

मग मी कंबर कसली. पहाटे उठा आणि आयुष्य बदला, असं सांगणारे व्हिडिओ मोबाईलवर असतात. त्यातला माणूस नेहमी एकटा असतो आणि त्याच्या घरी कणीक कोण मळतं ते कधीच दाखवत नाहीत. तरी पटलं तेवढं मी उचललं. दप्तर आणि बॅगा आदल्या संध्याकाळीच दाराशी. गणवेश खुंटीला. डबे ओट्यावर ओळीने. आणि एक नियम माझा स्वतःचा, कुठल्याही व्हिडिओत नसलेला: सकाळी प्रश्न विचारायचे नाहीत.

हा नियम लेकीसाठी होता. ती तिसरीत. दात घासता घासता विचारायची, "आई, पाल झोपल्यावर भिंतीवरून पडत कशी नाही?" अशा एकेका प्रश्नापायी वेणी अर्धी राहायची. मी तिला बजावलं, सकाळी मोठी माणसं सांगतील तसं करायचं, प्रश्न संध्याकाळी. सुरुवातीला तिचे ओठ नुसतेच हलायचे. मग तेही थांबले. संध्याकाळी मी म्हणायची, "हं, विचार आता." ती म्हणायची, "विसरले." मला हसू यायचं.

घडी छान बसली. शेजारच्या गुजराती भाभी एकदा लिफ्टमध्ये म्हणाल्या, "आप के घर से तो सुबह आवाज ही नहीं आती." मी दिवसभर त्या कौतुकावर तरंगत होते. आता ते वाक्य आठवायलाही नको वाटतं.

माझे सासरे, बाबा, उन्हं वर आल्याशिवाय उठायचे नाहीत. सासूबाई गेल्यापासून त्यांना उठण्याचं काही कारणच उरलं नव्हतं. पूर्वी ते घोडबंदर रोडवरच्या औषधांच्या कारखान्यात पहिल्या पाळीला जात. कंपनीची बस काशीमीऱ्याच्या नाक्यावर यायची, त्या बससाठीच तर त्यांनी मुंबईतली खोली सोडून इकडे घर घेतलं होतं. कारखाना बंद पडला, त्या जागी उंच इमारती आल्या, त्यालाही आता जमाना झाला.

पण माझा गजर वाजायला लागला आणि बाबाही उठायला लागले. अंधारातच अंघोळ, दाढी, इस्त्रीचा शर्ट. मला बरं वाटलं, म्हातारं माणूस पुन्हा हुशारीत आलं म्हणून. एक दिवस ते ओट्याशी आले आणि म्हणाले, "माझाही भरत जा डबा." मी भरला. दुपारी गरम करायचा कंटाळा येत असेल, असा मी आपला अर्थ लावला. ओट्यावर आता एक डबा जास्त दिसायला लागला.

मग एकदा चपला घालता घालता ते म्हणाले, "आज बस लवकर आली तर पंचाईत होईल."

"कुठली बस, बाबा?" हे माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. पण कुकरची शिट्टी झाली, वेणी घालायची होती, आणि सकाळी प्रश्न कुणीच विचारायचे नव्हते, मीही नाही. ते खाली बागेत जाऊन बसत असतील असं मी धरून चालले. डबा रिकामा होऊन परत येत होता, मग मी कशाला विचारू?

त्या दिवशी नवऱ्याची रात्रपाळी होती, तो अजून परतला नव्हता. मी अंघोळ करून बाहेर आले. घर शांत होतं. ओट्यावर माझा एकटीचा डबा. खुंटीवर गणवेश नाही, दाराशी दप्तर नाही. आणि खरं सांगते, मला आधी आनंद झाला. वाटलं, शिकली बाई, स्वतःच तयार झाली. मी तिला हाक मारली. बाबांना मारली. मग मला दाराची कडी उघडी दिसली.

ओल्या केसांनी मी खाली धावले. वॉचमन म्हणाला, "चाचाजी बेबी को लेके निकल गये, मॅडम. बेबी का बॅग था, मेरे को लगा स्कूल." शाळेचं गेट उघडायला अजून वेळ होता. पण दप्तर, पाण्याची बाटली, रिबिनी, सगळं जिथल्या तिथे असलेल्या मुलीला कोण अडवणार? गेटबाहेर एकच रिक्षा उभी होती. मी काशीमीरा म्हटलं तेव्हा माझाच आवाज मला ओळखू येईना. बस, बस, बस, एवढंच डोक्यात घणघणत होतं.

नाक्यावर अजून फटफटलं नव्हतं. हायवेवर ट्रकची रांग होती, दिव्यांनी डोळे दिपत होते. रस्त्याच्या कडेला ते दोघं उभे होते, हातात हात घालून, दोघांच्याही दुसऱ्या हातात डबा. बाबा गुजरातकडून येणाऱ्या गाड्यांकडे टक लावून बघत होते. मी रिक्षातून उतरत होते तेवढ्यात एका मोठ्या गाडीचे दिवे वळणावर दिसले. बाबांच्या चेहऱ्यावर ओळख उमटली. डब्यासकट हात वर करून ते रस्त्यात उतरले आणि त्यांच्याबरोबर ती उतरली.

मी किंचाळले. ट्रकचा हॉर्न आणि ब्रेक एकदमच ऐकू आले. ड्रायव्हर खिडकीतून काय वाटेल ते बोलत होता, मी दोघांना ओढत कडेला आणलं. बाबा माझ्याकडे वळून अगदी सभ्यपणे म्हणाले, "तुम्ही कुठल्या खात्यात? आधी पाहिलं नाही तुम्हाला."

लेक रडत नव्हती. मी तिचे खांदे धरून गदागदा हलवलं. "अगं, कुठे चाललोय म्हणून विचारलं का नाहीस आजोबांना?"

तिने माझ्याकडे बघितलं. तिला माझंच नवल वाटत होतं. "सकाळ होती ना," ती म्हणाली.

त्यानंतर मी सगळं मोडून टाकलं. गजर बंद केला, सेंटरमध्ये भांडून दुपारची वेळ मागून घेतली. डॉक्टरांनी बाबांच्या आजाराचं नाव सांगितलं, गोळ्या दिल्या आणि दाराला कुलूप लावा म्हणाले. किल्ली आता माझ्या उशीखाली असते. लेकीला मी रोज सांगते, विचार गं, काहीही विचार, मला, आजोबांना, कुणालाही. ती मान डोलावते आणि "बरं" म्हणते.

परवा पहाटे कडीचा आवाज आला. हळूच, कुणाची झोप मोडू नये इतका हळू. मी बाहेर गेले. बाबा इस्त्रीचा शर्ट घालून कुलूप लावलेल्या दारासमोर उभे होते. त्यांच्या शेजारी ती होती, गणवेशात, दप्तर पाठीला लावून, त्यांचा हात धरून. दोघंही माझ्याकडे वळले आणि मी कुलूप काढायची वाट बघत गप्प उभे राहिले.