ताईबाईच्या नावावरचे एकवीस खटले

आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, लेकी माहेरी येतात. सत्त्याऐंशी साली ताईबाईच्या दारी लेक आली नाही, लेकीचं पत्र आलं, आणि तेही समुद्रापलीकडून.

कुंदा तिची एकुलती एक. धुळ्याला नर्सिंग शिकली, तिथल्याच एका ओळखीनं मस्कतच्या दवाखान्यात लागली. नवराही तिथंच एका कंपनीत कारकून. दोनदा दिवस राहिले आणि दोनदा पाचव्या महिन्यात सगळं वाहून गेलं. आता तिसरी खेप होती. डॉक्टरनं पलंगावरून पाय खाली टाकायचा नाही म्हणून बजावलेलं. शाळेतल्या अभिमन गुरुजींनी पत्र वाचून दाखवलं. शेवटी लिहिलं होतं, "आई, बाळंतपणाला लेकीनं माहेरी यायचं असतं. मला येता येत नाही, तर माहेरानं इकडं यावं. कार्तिकात दिवस भरतील. तू पासपोर्ट काढ, तिकीट मी पाठवते. तू उशाशी असलीस की हे मूल राहील असं वाटतं."

ताईबाई धुळ्याकडची, दिली इकडे सातपुड्याच्या पायथ्याला, केळीच्या मुलखात. नवरा कुंदा चार वर्षांची असतानाच गेला. धुळ्याची बोली मात्र तिनं तीस वर्षांत सोडली नाही. गावानं चिडवलं, तिनं गावाला चिडवू दिलं, संपलं.

पासपोर्ट म्हटल्यावर ज्यानं त्यानं तिला भेडसावलं. फोटोत दोन्ही कान दिसायला हवेत म्हणे. जन्माचा दाखला हवा म्हणे, आणि ताईबाईचा जन्म तर कुणीच कुठं लिहून ठेवला नव्हता. गुरुजी म्हणाले, हे सगळं होईल, कठीण काय ते पोलिसांची चौकशी. ते येऊन विचारतात, बाई कशी आहे, चाल कशी आहे, आणि त्यांनी बरं लिहिलं तरच मुंबईहून पासपोर्ट सुटतो.

ताईबाई हसली. "पोलिसनं काय भेव लावतस, गुरुजी. पोलीस तं मना घरना शेतस."

हे काही फुशारकीनं म्हटलेलं नव्हतं. तालुक्याच्या ठाण्यातला शिपाई असो की हवालदार, तिला अक्का म्हणायचा. गावात आले की तिच्या ओट्यावर बसायचे, चहा प्यायचे. हवालदार चुडामण तर वीस वर्षांचा ओळखीचा. त्याच्या मुलीच्या लग्नात ताईबाईनं पापड लाटून दिले होते.

ओळख कशी झाली, ते सांगायला हवं.

नवरा गेल्यावर ती रतिलालच्या केळीच्या बागेत मजुरीला जायची. रतिलालची बाग होती तशी नाल्याच्या काठाला हातभट्टीही होती. बाग वर दिसायची, भट्टी खाली. दारूबंदीचे खटले दाखवायचे म्हणून पोलिसांना महिन्याकाठी चार आरोपी लागायचे, आणि रतिलालला भट्टी चालू राहायला हवी होती. मग दोघांनी मिळून सोय काढली. रतिलालनं एक डबा दारू द्यायची आणि सोबत एक माणूस द्यायचं. पोलिसांनी त्या माणसाला त्या डब्यासकट धरलं असं लिहायचं. माणसानं कोर्टात गुन्हा कबूल म्हणायचं. दंड रतिलाल भरणार, वर त्या दिवसाची मजुरी. ह्याला नाव देणं म्हणत. गडी नाव द्यायचे तसं बायाही द्यायच्या, आणि बाई असली, कडेवर पोर असलं, की कोर्ट नरमाईनं घ्यायचं. शिक्षा काय, तर कोर्ट उठेपर्यंत तिथंच बसून राहायचं.

पहिल्यांदा कुंदा कडेवर होती. ताईबाईनं भाकरी बांधून नेली होती. न्यायाधीशानं काहीतरी विचारलं, चुडामण मागून हळूच म्हणाला, हो म्हण, ती हो म्हणाली. मग दिवसभर भिंतीला टेकून बसली, पोरीच्या उवा काढल्या, पंखा फिरताना पाहिला. तो तिनं जन्मात पाहिलेला पहिला पंखा. पाच वाजता साहेब उठले, तीही उठली. उन्हात केळीचे घड वाहण्यापेक्षा हे काम बरं, असं तिला वाटलं, आणि खरं सांगायचं तर ते बरंच होतं.

असं वर्षाला एकदा, कधी दोनदा. कुंदाची शाळा, कुंदाचा धुळ्याचा खर्च, ह्यात त्या बसण्याचा हातभार होताच. पण हे तिनं कुंदाला कधी सांगितलं नाही. पोरीला एवढंच ठाऊक की आईला कधीमधी तालुक्याला काम असतं.

स्वतः ताईबाईनं दारू कधी जिभेला लावली नाही. नाल्याकडनं जाताना ती नाकाला पदर लावायची.

तर अर्ज भरताना गुरुजींनी छापलेला प्रश्न वाचला, तुमच्यावर कधी खटला झाला आहे का, कधी शिक्षा झाली आहे का. ताईबाई म्हणाली, नाही. तिच्या मनात खोटं नव्हतं. तिनं काही केलंच नव्हतं, मग शिक्षा कशाची? ते तर बसायचं काम होतं. गुरुजींनी 'नाही' लिहिलं. तिनं खाली सही केली. सही मात्र झोकात करायची, कोर्टाच्या कागदांवर करून करून हात बसला होता.

चारित्र्याचा दाखला प्रतिष्ठित माणसाचा हवा होता. तोवर रतिलालनं भट्टी मोडून दोन वर्षं झाली होती आणि तो केळी उत्पादकांच्या सोसायटीचा चेअरमन झाला होता. आता त्याला आबा म्हणायचे. त्यानं सोसायटीच्या छापील कागदावर लगेच लिहून दिलं, ह्या बाईला मी वीस वर्षांपासून ओळखतो, त्यांचे वर्तन उत्तम आहे. त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. तोही तेव्हा पासपोर्ट काढत होता. दहा-बारा बागायतदार परदेशात केळी बघायला निघाले होते.

ताईबाईनं कुंदासाठी डिंक आणला, खारका आणल्या, बाळाला जुन्या लुगड्याची दुपटी शिवली. जुनं सूत मऊ असतं, तिकडं कुठलं मिळायला.

चुडामण हवालदार चौकशीला आला तो श्रावणात. ओट्यावर बसला. ताईबाईनं चहा ठेवला. त्यानं कप हातात घेतला आणि तसाच खाली ठेवला. मग म्हणाला, "अक्का, तू हा अर्ज करायच्या आधी मला विचारायचं होतंस."

तिला वाटलं, कागद कुठला कमी पडला. त्यानं सांगितलं, कागद कमी नाहीत, जास्त आहेत. जळगावहून चौकशीचा कागद आला तेव्हा नव्या साहेबानं स्वतः रजिस्टर काढायला लावलं होतं. ताईबाईच्या नावावर एकवीस खटले निघाले. एकोणिसांत शिक्षा झालेली. उरलेले दोन अजून कोर्टात चालू.

हे दोन कुठले, तेच तिला उमगेना. मग त्यानं मान खाली घालून सांगितलं. भट्टी मोडायच्या वर्षी शेवटचे दोन डबे तिच्या नावावर दाखवले होते. त्यानंतर रतिलालकडून तारखेचा निरोप कधी आला नाही, मजुरीही आली नाही, म्हणून तिला वाटलं ते काम संपलं. कोर्टानं मात्र तारखा काढल्या. मग वॉरंट काढलं. वॉरंट चुडामणच्याच हाती आलं. बाई म्हातारी होत चालली, फुकट कशाला तालुक्याला ओढायची, असा विचार करून त्यानं शेरा मारला: आरोपी मिळून येत नाही. दोन वर्षांत पाच वेळा त्यानं हा शेरा मारला. त्यातला एक तर इथंच ओट्यावर बसून, तिचाच चहा पिऊन.

"म्हणजे तू फरार आहेस," तो म्हणाला. "मी तुझं बरं करायला गेलो होतो, अक्का."

ताईबाईनं विचारलं, रतिलालआबांच्या पासपोर्टचं काय झालं?

त्याचा अहवाल परवाच गेला, चुडामण म्हणाला. त्याच्या नावावर काही नाही. साफ. तेही चुडामणनंच लिहून पाठवलं होतं.

तिनं त्याला विनवलं नाही असं नाही. म्हणाली, भाऊ, तुला तर बठ्ठं माहीत आहे, तेच लिही. "लिव्ह ना, ही बाईनी काही करेल नही."

"काय लिहू? एकवीस वेळा मीच लिहिलंय की ही बाई दारूसकट सापडली. ते खोटं म्हटलं तर आधी माझी नोकरी जाते, मागून तू कोर्टात खोटं बोललीस म्हणून बाविसावा खटला होतो. आणि एवढं करून एकवीस आहेत ते तसेच राहतात."

कप तिथंच ठेवून तो गेला. वर साय धरली होती. अहवाल प्रतिकूल गेला.

दुसऱ्या दिवशी ती रतिलालकडे गेली. त्यानं तिला खुर्चीवर बसवलं, जे पूर्वी कधी झालं नव्हतं. बायकोनं सरबत आणलं. तो वाईट माणूस नव्हता, म्हणजे समोर बसल्यावर वाईट वाटत नसे. ताईबाई एवढंच म्हणाली, तुम्ही कोर्टात येऊन सांगा की दारू माझी नव्हती. त्यानं शांतपणे विचारलं, "मग कुणाची होती म्हणून सांगू, ताईबाई?"

सांगायचं ते दोघांनाही ठाऊक होतं आणि सरबताचा पेला तिच्या हातात होता.

त्यानं वकील दिला मात्र. वकिलानं उपाय सांगितला. चालू आहेत ते दोन खटले कबूल करून टाका. कोर्ट उठेपर्यंत बसा, ते तर तुम्हाला सवयीचं. खटले निकाली निघाले की दुसरा अर्ज करू, साहेबाला भेटू, महिन्या-दीड महिन्यात काम होतं. कार्तिकाला अजून अवकाश होता. ताईबाईचा जीव भांड्यात पडला. गुरुजींकडून कुंदाला लिहवून घेतलं, थोडा उशीर आहे, घाबरू नको, मी निघालेच.

भादव्यात ती तालुक्याला गेली. भाकरी बांधून घेतली, संध्याकाळच्या एसटीनं परत यायचं म्हणून शेजारच्या लताबाईला शेळीचं सांगून ठेवलं.

न्यायाधीश नवा होता, तरुण. गुन्हा कबूल आहे का? कबूल आहे. त्यानं कागद उलटले. एक, दोन, पाच, पानंच संपेनात. मग वॉरंटचे शेरे लागले. त्यानं मान वर करून तिच्याकडे पाहिलं. तिच्या डोक्यावर पदर, हातात भाकरीचं फडकं. त्याला वाटलं असेल, बाई दिसते गरीब, पण पक्की आहे. त्याचंही काय चुकलं? त्यानं कागद वाचले, आणि वीस वर्षं कागद लिहिणाऱ्यांनी मन लावून लिहिले होते. तो म्हणाला, ह्या बाईला आजवर दाखवलेल्या दयेचा काही उपयोग झालेला दिसत नाही. दोन वर्षं फरारही होती. तीन महिने सक्तमजुरी.

ताईबाईला वाटलं आपल्याला बसायला सांगितलं. ती नेहमीच्या भिंतीपाशी जाऊन टेकली. तिला उठवायला बाईपोलीस आली तेव्हा ती म्हणाली, साहेब तर अजून उठले नाहीत.

वकील अपील करू म्हणाला. अपिलाची तारीख दिवाळीनंतरची पडली.

जळगावच्या कारागृहात बायकांची वेगळी खोली होती. गुरुजी पंधरा दिवसांनी एसटीनं भेटायला आले. सोबत कुंदाचं पत्र होतं. त्यांनी जाळीतून वाचलं. कुंदानं विचारलं होतं, आई, पासपोर्टला एवढा वेळ का लागतो? शेजारच्या मल्याळी नर्सची आई महिन्याभरात आली. तुला यायचं नसेल तर तसं लिही, मी सासूबाईंना बोलावते, त्यांचा पासपोर्ट काढलेलाच आहे. पण मला तू हवी आहेस.

गुरुजी म्हणाले, मी सगळं खरं लिहितो. पोरगी शिकलेली आहे, समजून घेईल. तुझ्याविषयी तिला वाईट वाटायचं नाही, उलट वाटायचंच तर आम्हा गावकऱ्यांविषयी वाटेल.

"तेच तं नको," ताईबाई म्हणाली. मग जाळीला तोंड लावून हळू आवाजात सांगितलं, "गुरुजी, कागदवर एकदाव नाव लागनं का पुसाय नही. ती सरकारी दवाखानामा शे. तठेबी इचारतीन, माय कोन शे. मनं नाव तिना कागदले नको लागाले. तुम्ही लिव्हा, मायले इमाननं भेव वाटस. येत नही म्हने."

गुरुजींनी तिला दोनदा समजावलं. बाहेर भेटीची वेळ संपल्याची घंटा झाली. शेवटी त्यांनी गुडघ्यावर कागद ठेवून तसंच लिहिलं. तिनं वाचून दाखवायला लावलं, आणि 'विमानाची भीती वाटते' ह्यात 'फार' घालायला सांगितलं.

कुंदाच्या सासूबाई दसऱ्याच्या आधीच मस्कतला गेल्या. त्यांचा पासपोर्ट काढताना चौकशीला तिकडच्या ठाण्यातून कुणी आलंसुद्धा नव्हतं म्हणे, जागच्या जागी सही झाली होती. ताईबाईनं आणलेला डिंक आणि शिवलेली दुपटी गुरुजींनी त्यांच्यासोबत पाठवायचं ठरवलं होतं, पण त्या म्हणाल्या, वजन होतं.

कार्तिक संपता संपता गुरुजी पुन्हा आले. अपील फेटाळलं गेलं होतं, आणि तसेही सुटकेला थोडेच दिवस राहिले होते. त्यांच्या हातात परदेशी तिकीट लावलेलं एक कार्ड होतं, ते त्यांच्याच नावे आलेलं. त्यांनी वाचलं. मुलगी झाली. सहा पौंडांची आहे, रडते खणखणीत. सासूबाई सगळं करतात. गावात सर्वांना कळवावे.

ताईबाईनं हात जोडले, कुणाला ते तिलाच ठाऊक. मूल राहिलं होतं. मग तिनं विचारलं, अजून काय लिहिलं आहे?

एवढंच आहे, गुरुजी म्हणाले.

"मांगे दखा ना, मांगे काही व्हई."

गुरुजींनी कार्ड उलटून पाहिलं. मागं पत्ता होता, गुरुजींचा.