साहेबांच्या होड्या, आमचे तुंबे

तळ्याकाठी जन्म गेला की असे किस्से गाळासारखे बसत जातात. कोणी विचारलं की ढवळून वर येतात.

मी आणि माझा मावसभाऊ गोविंदा, दोघं ढीवर. तिवश्याकडच्या तळ्यात मासे धरायचो. कापसाला सोन्याचा भाव आला, तेव्हा अमरावतीचे कापूसवाले गोरे साहेब शिडाच्या होड्या बैलगाडीवर लादून तिथं शर्यती लावायला आले. होड्यांनी कुठं वळायचं, त्या खुणा आम्ही मांडायच्या. नीट मांडल्या तर मासे आमचे, नाहीतर तळं दुसऱ्याला.

*

खूण म्हणजे वाळला तुंबा, पोकळ भोपळा, त्याला दोर, दोराला दगड. त्यांच्यातल्या मोठ्या साहेबाला दुरून दिसेना. लाल करा म्हणाला. गोविंदानं शेंदूर फासला. दुसऱ्या दिवशी काठावर नारळ फुटले!

खुणेला होडी घासली की साहेब शर्यतीतून बाद. गोविंदा म्हणाला, "पाहा, देवाले धक्का लागू नये, हे त्याईलेबी समजते."

*

पहिली खूण वारा येतो त्याच दिशेला हवी. एका सकाळी वारा तीनदा फिरला, गोविंदानं तुंबा तीनदा हलवला. तरी मोठा साहेब वाकडीच म्हणे. साहेबाचा खानसामा आमचं बोलणं त्याला सांगायचा. गोविंदा त्याला म्हणाला, "साहेबाले सांग, तू वारा मांडून दे, तुंबा मी ठेवतो."

खानसाम्यानं काय सांगितलं कोण जाणे. साहेब हसला. तळं राहिलं.

*

एकदा होडी उलटली. त्यातला साहेब बुडाला, टोपी तरंगली. मागच्या दोन होड्या टोपीलाच खूण समजून वळल्या. प्रेत तिसऱ्या दिवशी गोविंदानंच काढलं. तळं गेलं असं धरून बसलो होतो. खानसामा येऊन म्हणाला, "घाबरू नका. तुमची खूण बरोबर होती."

*

मग पौषातल्या कडाक्याच्या थंडीतली मोठी शर्यत. होड्या सुटल्या आणि मधल्या तुंब्याची गाठ सुटली. गोविंदानं उडी घेतली. तुंबा काखेत, दगडाचा दोर मुठीत, तसाच पाण्यात राहिला. होड्यांच्या वाटेत डोंगा घालायचा नाही असा हुकूम होता. मी काठावर.

होड्यांना तीन फेरे होते. दुसऱ्या फेऱ्याला त्याची मान तुंब्यावर टेकली.

त्याची बायको धुणं टाकून माझ्याजवळ आली. "भाऊजी, हे साहेब त्याले डाव्या अंगाले ठेवून काहून फिरून राहिले? देवाले तर उजवीकून फिरतेत."

मी म्हटलं, "त्याईची रीतच तशी आहे, बाई."

शर्यत संपली. खानसामा धावत सांगत आला, "साहेब खूश आहे. आज खूण जागची हलली नाही. तळं तुमचंच."

मी डोंगा घेऊन गेलो. मुठीतला दोर सुटेना. कापावा लागला.