भागोजी तांडेलाचा उजवा कौल

नाटे बंदरात भागोजी तांडेलाला हट्टी म्हणणं म्हणजे समुद्राला खारट म्हणणं. तीस वर्षं त्याने बोटी हाकल्या. रात्री जाळं, दिवसा मिळाली तर डुलकी. वाऱ्याचा त्याचा अंदाज क्वचितच चुके, आणि चुकलाच तर वारा चुकला असं तो म्हणे. असल्या माणसाच्या छातीत गेल्या शिमग्यात कळ आली. रत्नागिरीला नेऊन हृदयाची तुंबलेली रक्तवाहिनी मोकळी केली, आत स्टेंट बसवला. स्टेंटमध्ये गुठळी होऊ नये म्हणून रक्त पातळ ठेवणारी गोळी वर्षभर एक दिवसही चुकवायची नाही, अशी तंबी देऊन डॉक्टरांनी घरी सोडलं.

ती गोळी त्याच्या डोळ्यांत पहिल्या दिवसापासून सलत होती. दोराने बोट सोललं तर रक्त थांबता थांबेना. दंडावर निळे डाग उठले. "रक्त पातळ म्हंजे मानूस पातळ," असं तो बायकोला, हौसाला, ऐकवायचा. ती बिचारी रोज सकाळी गोळी त्याच्या हातावर ठेवायची आणि गिळेपर्यंत समोरून हलायची नाही. बोटीवर जाताना मोजून बांधून द्यायची.

गणपतीला अक्षया घरी आली. ही त्याची एकुलती लेक, रत्नागिरीत फार्मसी शिकते. वाचलेलं पोटात ठेवणं तिला जमत नाही. जेवताना ती सांगू लागली, की अंधार पडला की आपलं शरीर मेलाटोनिन नावाचं द्रव्य तयार करतं, त्याने झोप येते. उंदरांच्या हृदयाचा रक्तपुरवठा अडवून पुन्हा सुरू केला, तेव्हा हे द्रव्य दिलेल्या उंदरांच्या हृदयाची नासाडी कमी झाली.

"आनि मानसांत गो?" हौसाने विचारलं.

"माणसांत अजून नक्की नाही, आये. आणि चालू औषधाच्या जागी तर नाहीच नाही."

पण भागोजीचा घास हातातच राहिला होता. उभा जन्म बोटीच्या दिव्याखाली रात्री जागवलेला माणूस तो, अंधार नाही तर ते द्रव्यही नाही. आपलं काळीज कशाने खाल्लं ते त्याला एकदम कळलं, निदान त्याला तसं वाटलं. लेकीचं शेवटचं वाक्य त्याच्या कानात शिरलंच नाही.

आठवड्याने तो राजापुरातून मेलाटोनिनच्या गोळ्या घेऊन आला आणि थेट देवळात गेला. घर बांधायचं, मुलगी द्यायची, बोट पाण्यात लोटायची, इकडे सगळ्याला आधी कौल लागतो. गुरवाने देवीच्या पाषाणाला दोन्ही बाजूंनी ओल्या कळ्या चिकटवल्या आणि गाऱ्हाणं घातलं, "बाय, ह्या गोळीन तुज्या लेकराला गुन येनार असंल तर उजवी दे."

उजवी कळी पडली. देवी काही खोटं बोलली नाही, भागोजीला खरंच झोप लागू लागली. मात्र जुनी गोळी सोडू का, हे तिला कुणी विचारलंच नव्हतं. ते त्याने आपलं आपण ठरवून टाकलं. आणि उजवा कौल झाल्यावर हौसाचाही पहारा सुटला.

दिवाळीला अक्षया आली तेव्हा बोट जाऊन तीन दिवस झाले होते. औषधांचा डबा पुसायला घेतला तर त्यात रक्ताच्या गोळीच्या चार पट्ट्या, एकही न फोडलेली.

"त्या नाय घेत आता ते," हौसा हसून म्हणाली. "देवीन उजवा दिलान. आनि तूच नाय काय सांगितलंस, उंदरांचं काळीज वाचलं म्हनून? आता पोरासारखे झोपतात."

आपल्याच जिभेने हे केलं, हा विचार अक्षयाच्या मनातून हलेना. बापाचा फोन लागत नव्हता. ती तशीच धावत बंदरावरच्या मच्छीमार सोसायटीत गेली आणि तिथल्या माणसाकडून वायरलेस मागून घेतला. बऱ्याच वेळाने बोटीवरचा खलाशी ओमकार बोलला.

"काका झोपलेत गो. सकाळधरनं छातीत भरून आल्यासारकं होत व्हतं. म्हनून आज झोपेच्या दोन गोळ्या घेतल्यानी. उठवू नको म्हनालेत."

"उठव त्यांना! आत्ता उठव, आणि बोट फिरवा!"

"बंदर सात तासांवर हाय," ओमकार म्हणाला. मग तो धावला असावा. बोलायचं बटण मात्र अडकून दाबलेलंच राहिलं. खरखरीतून त्याच्या हाका ऐकू येत राहिल्या, "काका, ओ काका," एकामागून एक, आणि दर वेळी आधीपेक्षा मोठ्याने. दुसरा आवाज काही येईना.